दोन हजार खड्डे

श्रावणातली भुरभुर अंगावर घेत, वहीत गवताची उंची टिपत वृषाली खर्ड्याच्या माळावरून चालली होती, आणि पुढच्याच पावलाला ती गुडघ्यापर्यंत जमिनीत गेली.

वर कुणीतरी हसू दाबलं. मग एक हात पुढे आला... मातीनं माखलेला, उबदार.

“खड्डा माझा हाय, मॅडम,” तो म्हणाला. “पाय तेवढा तुमचा.”

“खड्ड्याला काही खूण करायची असते.”

“गवत एवढं वाढंल असं वाटलं न्हवतं. लागलं का?”

“नाही,” ती म्हणाली, आणि पाय टेकताच तिनं त्याचा दंड धरला.

शेळ्या चारणाऱ्या कडूबाई लांबूनच म्हणाल्या, “भीमराज, खड्डा खनला झाडासाठी आन् घावली बाई. आता पानी घाल, बाबा.”

तो मान खाली घालून खोरं पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

भीमराजची खर्ड्यात रोपवाटिका होती. या माळावर त्यानं दोन हजार खड्डे घेतले होते. कडुलिंब, करंज, चिंच, सगळी रोपं बियांपासून दीड वर्ष वाढवलेली. येत्या रविवारी ती लावायला गाव जमणार होतं. वृषाली मात्र इथं आली होती ती गवत आणि काळवीट मोजायला. हा माळ राखावा की नाही, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं.

“गवत मोजून काय हुतं?” दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. तिच्यासाठी त्यानं काठी तासून आणली होती. मूठ घासून गुळगुळीत केलेली.

“इथं एके काळी चित्ता असेल. तो का संपला, ते गवतावरून कळतं.”

“चित्ता तर आमच्या उसात हाय की.”

“तो बिबट्या. बिबट्या दबा धरतो, झाडावर चढतो. चित्ता उघड्यावर धावतो. त्याला लांबवर दिसायला लागतं.”

“म्हंजे आडोसा नको त्याला.” तो तिच्याकडे बघत म्हणाला. “लई सरळ जनावर.”

“म्हणूनच मागे पडलं.” तिनं नजर वहीत नेली. “जगात आता सात हजारांच्या आसपास उरलेत. आपल्याकडची जात फक्त इराणात, तीही अगदी मोजकी. भारतातला सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच संपला. आता कुनोच्या जंगलात आफ्रिकेतून आणलेत.”

“हितं येनार का?”

“नाही. बहुधा कधीच नाही.”

“मग न येनाऱ्या पाहुन्यासाठी अख्खा माळ मोकळा ठिवायचा?”

तिला हसू आलं, आणि लगेच गेलं. “चित्ता शिकारीनं गेला तसाच माळ गेल्यानंही गेला. भीमराज, इथं झाडं वाढली तर काळवीट निघून जातील. चित्त्याच्या वाटेनं. मला अहवालात हेच लिहावं लागेल. तो पाठवण्याआधी तुम्हाला सांगायला हवं, असं वाटलं.”

त्यानं हातातलं खोरं जमिनीत रोवलं. मग म्हणाला, “झाड लावनं वाईट... हे पयल्यांदाच ऐकतोय.” आणि खोरं खांद्यावर टाकून गेला.

तीन दिवस तो माळावर आला नाही. अहवाल तिनं लिहून ठेवला. पाठवला मात्र नाही. एकही आकडा चुकीचा नव्हता, तरी ती तो पुन्हा पुन्हा तपासत होती.

शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज दबलेला.

“मॅडम, खड्ड्यात पाडस हाय. उचलू का?”

“हात लावू नका. लांब थांबा. मी येते.”

ती लंगडतच पोचली. खड्ड्याच्या तळाशी तांबूस पाडस पाय पोटाशी घेऊन पडलं होतं. बाहेर यायला धडपडून त्याच्या गुडघ्यांना चिखल लागला होता. दूर गवतात आई उभी होती, कान रोखून.

“एक बाजू उतरती करा,” ती कुजबुजली. “सावकाश.”

त्यानं खोऱ्यानं कडेची माती हलक्या हातानं ओढली. मग दोघं बांधाआड जाऊन बसले. भुरभुर सुरू झाली. त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून तिच्या खांद्यांवर टाकला; तिनं तो अर्धा त्याच्याकडे सरकवला.

“येईल का ती?”

“येईल. आपण दिसलो नाही तर.”

खांद्याला खांदा लागला होता. कुणीच सरकलं नाही.

तासाभरानं आई आली. पाडस घसरलं, उठलं... पुन्हा घसरलं, आणि एका उडीत वर आलं. मायलेकरं गवतातून धावत सुटली. काहीही आड आलं नाही, म्हणून ती पार टेकाडापर्यंत दिसत राहिली.

भीमराजनं श्वास सोडला. “उद्याचं गावाला काय सांगू?”

“खरं ते.”

“हसतील.” तो थांबला. “हसू द्या. रोपं शाळेला, ओढ्याच्या काठानं, ज्याला पायजेत त्याच्या बांधावर लावतो. खड्डे मीच बुजवीन. दिवसाला पन्नास... म्हंजे चाळीस दिवस. तुमी येनार का बघायला?”

“अहवालासाठी एकदा पाहिलं तरी पुरतं.”

“बरं,” तो हळूच म्हणाला, आणि खोऱ्याकडे हात नेला.

वृषालीनं त्याचा हात मध्येच धरला. अंदाजानं बोलायची तिला सवय नव्हती. तीन दिवस तिनं हेसुद्धा नीट तपासून पाहिलं होतं.

“मी रोज येईन,” ती म्हणाली. “चाळीस दिवसांनंतरही. काळविटांसाठी नाही, भीमराज... तुमच्यासाठी.”

 त्यानं तिच्या बोटांत आपली मातीची बोटं गुंफली, आणि भुरभुरत्या पावसात तो तसाच बसून राहिला.