रूपालीमामीची खडबडीत टोपी

"चारच्या बसनं भीमपूरले परत जाय! भर बॅग!"

रूपालीमामीचा आवाज जैनथच्या गल्लीच्या टोकापर्यंत पोचला. मामाकडे राहायला आलेली रंजीता थिजलीच! संक्रांतीची सुट्टी लागून जेमतेम दोन दिवस झाले होते!

"मामी, म्या नाई हात लावला तुमच्या विणकामाले!"

"मंग हे काय? एक ओळ गुळगुळीत, एक खडबडीत! मी चुलीपाशी गेली का तू मंधात एक ओळ घालून ठेवते!"

मामीनं अर्धवट टोपी नाचवली. लखनमामांचे कान गारठतात म्हणून ती छापील कागद पाहून टोपी विणत होती. विणायला ती शिकली होती महिन्याभरापूर्वीच!

मामीचा मुलगा करण आणि शेजारची सुनयना धावत आले.

"आई, तपास तर करू दे!" करण म्हणाला. "टोपी पेटीत ठेव, किल्ली तुह्याजवळ. जेवल्यावर आमच्यासमोर दोन ओळी विण."

दुपारी तिघंही मामीभोवती कोंडाळं करून बसली. पहिली ओळ गुळगुळीत! दुसरी... खडबडीत!

"आता कोन आलं होतं? भूत?" सुनयना खिदळली.

"मंग सुयाच वाकवल्या असतीन हिनं!" मामी काही हटेना.

तीन वाजले. रंजीतानं कागद ओढून घेतला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत खुणांची यादी होती.

"'के' म्हणजे सुलट टाका, 'पी' म्हणजे उलट, 'आरएनडी' म्हणजे गोल फेरी. आणि इथं तर सगळ्या फेऱ्या 'के'च!"

"मंग? मी सुलटच विणून राह्यली ना!"

"ओळ संपली का काय करता, मामी?"

"विणकाम पलटवतो. दुसरं काय!"

"सापडलं!" रंजीतानं टुणकन उडी मारली. "चित्र पाहा! या सुया तारेनं जोडल्या हायेत. गोल गोल विणत जायचं, पलटवायचंच नाई! समोरची बाजू सदा समोर! तुमच्या सुया सुट्या. परत येताना तुमी मागच्या बाजूनं विणता, अन् मागून घातलेला सुलट टाका समोरून उलट दिसतो! परतीची ओळ 'पी' विणा!"

मामीनं दोन ओळी विणल्या. एकदम गुळगुळीत!

"पण सुट्या सुया आणल्या कोणी?" करणनं विचारलं.

दारातले लखनमामा चहाच्या कपात तोंड लपवू लागले. "आदिलाबादच्या दुकानात गोलवाल्या पण होत्या. मले वाटलं, सुई म्हणजे सुई!"

"वा, मामा!" तिघंही एका सुरात ओरडली.

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. रंजीतानं बॅग उचलली. मामीनं ती हिसकावली आणि सगळे कपडे खाटेवर ओतले!

"काऊन निघाली? चुकली मी, पोरी! महिनाभर शिकून मले जे दिसलं नाई, ते तुले तासाभरात दिसलं. हुशार हाय माही भाची!" मग तिनं मामांकडे डोळे वटारले. "अन् तुमी! त्याच बसनं जा, वाटेत आदिलाबादले उतरा, गोल सुया घेऊन या. एक जोड रंजीतासाठी पण!"

मामा चप्पल पायात सरकवत पळाले. बस चुकली असती ना!