परवीनआपांचं मधलं नाव

लखनौच्या विकास नगरातल्या झेरॉक्सच्या दुकानात कुणीतरी खुशाल माझ्या खांद्यावरून माझा फॉर्म वाचत होतं.

“आप मराठी हैं?”

मी वळले. काळा कोट, कपाळावर घाम, आणि डोळे... छे, डोळ्यांचं नंतर.

“कशावरून?” मी फणकारले.

“बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव घातलंय. आपली सवय! पण या तर अफगाणी दिसतात.”

मी फॉर्म पुन्हा नीट पाहिला. परवीनआपा नवरा वारल्यावर दोन मुलींना घेऊन काबूलहून लखनौला आलेल्या. कॅनडात कायमचा आसरा मिळावा म्हणून त्यांचा अर्ज मीच भरला होता. रविवारी मी निर्वासितांच्या संस्थेत हेच काम करते. ‘नाव जुळत नाही’ म्हणून तो परत आला, आणि मी शहाणी पुन्हा तसाच भरत होते! त्यांच्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव होतं.

“माझ्यामुळे त्यांचं जाणं राहिलं तर...”

“नाही राहणार. प्रतिज्ञापत्र करू. मी राजरत्न, वकील आहे. टेन्शन नको, यार.”

“यार कुणाला म्हणता?”

“सॉरी... रुचा मॅडम.” नावही फॉर्मवरच्या ‘अर्ज भरणारी’च्या रकान्यातून वाचलं होतं त्याने!

मग तीन महिने तो त्या अर्जाच्या मागे हात धुऊन लागला. दोनदा दिल्लीला कॅनडाच्या उच्चायुक्तालयात गेला. “चूक लिहिणारीची आहे, परवीनजींची नाही,” असं तिथल्या अधिकाऱ्यांना ठणकावून आला आणि मला येऊन हसत सांगितलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. रोज फोन फाईलसाठी यायचा, आणि फाईलचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं...

मंजुरीची मेल आली तेव्हा मी ऑफिसातच ढसाढसा रडले. केवढं ओझं उतरलं!

चारबाग स्टेशनवर दिल्लीची गाडी सुटताना परवीनआपा खिडकीतून म्हणाल्या, “वकील साहब, रुचा को घर छोड़ आइए. बहुत रोएगी.”

गाडी गेली. मी खरंच रडत होते, आणि हसतही होते.

“काम तो खत्म,” राजरत्न चाचरला. “आता मी... काय सांगून भेटायला येऊ?”

“मानक नगरला घरी ये. आईने जेवायला बोलावलंय.” पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं.

“आईला काय सांगितलंस, मी कोण म्हणून?”

“खरं तेच,” मी म्हणाले. “मला आवडतोस म्हणून.”