मूल्यमापनातून माघार

"आडव्या व्हा," तो म्हणाला.

मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. कॅनडातल्या थंडर बे शहराच्या त्या सभागृहात डझनभर वृद्ध चटयांवर पहुडले होते, खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता, आणि मी कोटाच्या गुंड्याही न सोडता दारात उभी.

"मी फक्त पाहायला..."

"पडल्यावर उठायचं कसं, हे उभं राहून कसं कळणार?"

"ऐक गं पोरी त्याचं," चटईवरून हिल्काआजी म्हणाल्या. "देखणा आहे, म्हणून आम्हीही ऐकतो."

मी आडवी झाले. आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग खुर्चीचा आधार... आणि शेवटी, गरज नसताना, त्याचा हात. उठल्यावर ओळख सांगितली — सानी कोइवुला, याच वर्गाच्या मूल्यमापनासाठी आलेली. अनुदान राहणार की जाणार, हे माझ्या अहवालावर ठरणार होते. वर्ग घेणाऱ्या त्या रीड कोवलचुकच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

महिन्याभराने हाती आलेला आकडा वाईट होता. वर्ग सुरू झाल्यापासून पडण्याच्या नोंदी दुप्पट झाल्या होत्या.

"म्हणजे मी माणसं पाडतो?" रीडने विचारले.

"पूर्वीही पडतच होतो," हिल्काआजी म्हणाल्या. "सांगत नव्हतो. लेकीनं उचलून वृद्धाश्रमात ठेवलं असतं. आता माझी मी उठते, म्हणून सांगते."

हे स्पष्टीकरण संभाव्य होते, पुरावा नव्हे. मी हाडे मोडण्याचे प्रमाण असा वर्ग नसलेल्या शेजारच्या गावाशी ताडून पाहिले. इथे ते कमी होते, पण फरक योगायोगात खपून जाईल इतका लहान. मी गणित पुन्हा मांडले. मग तिसऱ्यांदा... तेव्हा उमगले की मी उत्तर शोधत नव्हते. रीडला हसवील असे उत्तर शोधत होते.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर तो चटया गुंडाळत होता.

"मी या कामातून माघार घेतली," मी म्हणाले.

"इतका वाईट आहे वर्ग?"

"वर्गाचं अजून ठाऊक नाही. परीक्षक मात्र निःपक्ष राहिलेली नाही."

त्याच्या हातातली चटई आपोआप उलगडत गेली.

"आणि नवा माणूस म्हणाला, बंद करा... तर?"

"तर मला फार वाईट वाटेल. पण तुमच्यासाठी... तुझ्यासाठी मी आकडे वाकवले असते, तर तू माझ्याकडे पाहिलं असतंस?"

त्याने चटई तशीच जमिनीवर सोडली.

"नसतं," तो म्हणाला. "आता मात्र नजर हटत नाही. पण सानी, काम तर सोडलंस... मग उद्या इथं कोणत्या कारणानं येशील?"

कार्यकारणसंबंध तपासण्यावरच आजवर माझे पोट चालले होते.

"विनाकारण," मी म्हणाले.