सव्वाअकराची फर्माईश

शहरातल्या छोट्या एफएम केंद्रावर काका सव्वीस वर्षं तबकड्या सांभाळत होते. तेवढ्या काळात केंद्रानं तीनदा कात टाकली. आधी जुनी गाणी, मग नाचाची, मग नुसती वाद्यं, मग पुन्हा जुनीच, पण नव्या गळ्यांतली. दर वेळी काका आधीच्या तबकड्या खोक्यांत भरून माळ्यावर टाकत आणि केंद्राचे साहेब म्हणत, "आता हेच कायमचं!"

खरी बातमी मात्र साहेबांच्या आधी फोनवर कळायची. सकाळी फर्माइशींच्या कार्यक्रमात, बरोबर सव्वाअकराला, एक बाई केंद्रावर नसलेलंच गाणं मागायच्या. महिनाभरात साहेब नेमकी तसलीच गाणी आणायचे. सगळे त्या बाईंना 'सव्वाअकरा' म्हणत. निवेदन करणारी ताई काकांना छेडायची, "काका, माळा आवरा! सव्वाअकरांनी बासरी मागितलीय."

त्या सोमवारी ताईनं फोन ठेवला तो पडल्या चेहऱ्यानं.

"काय मागितलं?"

"काहीच नाही. म्हणाल्या, आज काही लावू नका."

दोघंही समजली. ऐकणारे घटले होते. महिनाअखेर कुलूप लावू, असं साहेब बोलून गेले होते.

"घरी बसून मी काय भिंती मोजू?" काका म्हणाले. "तुझी काकू मला दिवसभर कांदे चिरायला लावेल!"

"मग काय करायचं?"

"आलेली फर्माईश परत पाठवायची नाही, हा इथला पहिला नियम. पुरी करू. कदाचित पीडा टळेल."

ताईनं नेहमीच्याच थाटात सांगितलं, "आता ऐकू या, सव्वाअकरांच्या आवडीचं!" काकांनी माइक बंद केला आणि कोरी तबकडी लावली. पंख्याची घरघर तेवढी उरली.

आवाज मोजणारा काटा आता आडवा पडायला हवा होता.

तो डोलत होता. ठेक्यात.

तीन मिनिटांनी फोन खणखणू लागले. "काय गाणं हो!" न्हावी म्हणाला. शिंपीणबाईंना ते पुन्हा हवं होतं. शाळेतल्या बाई तर रडत होत्या.

आठवडाभरात दुसरं काही कोणी मागेना. कुलूप टळलं. साहेब नाचायचेच बाकी होते. "आता हेच कायमचं!"

"आपल्याला कसं ऐकू येत नाही हो?" ताईनं हळूच विचारलं.

"आचाऱ्याला कुठे भूक असते?" काका हसले.

सव्वाअकरांचा फोन मात्र पुन्हा आला नाही.

एका संध्याकाळी काका शीळ घालत घरी आले. काकू भांडी घासत होत्या.

"तुमचं ते गाणं जिभेवरून उतरतच नाही बघा," म्हणत त्यांनी नळ बंद केला आणि गायला सुरुवात केली.

काका दारात उभे राहिले.

काकूंचा गळा फुगत होता. ओठ हलत होते. खिडकीपलीकडे शेजारीणही तोंड उघडून साथ देत होती.

"जमलं ना?" काकूंनी थांबून विचारलं.

"झकास," काका म्हणाले.

काकू खुलल्या आणि आणखी मोठ्यानं गाऊ लागल्या. गल्लीत टाचणी पडली असती, तरी काकांना ऐकू आली असती.