मिनिटाला एक फ्रेम

दुपारी एकच्या सुमाराला कोळंबीच्या होडीला फ्राउके केटेल्सनचं प्रेत सापडलं. ओहोटीला तिथे नुसता चिखल असतो. आता दोन पुरुष पाणी होतं आणि तिचं लाल जाकीट वर फुगून तरंगत होतं.

नॉर्डरझीलच्या बंधाऱ्यामागे भरती-ओहोटीची नोंद ठेवणारं एक छोटं केंद्र होतं. फ्राउके तिथली प्रमुख आणि मोमे लोरेन्झेन तिचा एकुलता एक मदतनीस.

पोलीस अधिकारी गेशे पाउल्सेन तीन वाजता पोहोचली. फाटकाशी फ्राउकेची आई टेल्से उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"सात वर्षांची असल्यापासून ती या चिखलात चालते," टेल्से म्हणाली. "पाणी चढायला लागलं की थांबायचं नाही, सरळ बचावाचं मचाण गाठायचं. मीच शिकवलंय तिला. ती अशी बुडणार नाही, गेशे."

मोमेशी फ्राउकेचं बिनसलं होतं, हेही टेल्सेने सांगितलं. समोरच्या चिखलातला ओढा बंधाऱ्याकडे किती सरकला हे मोजायचं काम मोमेचं होतं. तीन वर्षं तो घरी बसून आकडे लिहीत होता आणि त्या आकड्यांच्या भरवशावर बंधाऱ्याला खेटून घरं उठत होती. सोमवारी फ्राउके हे ग्रामसभेत सांगणार होती.

केंद्रात मोमेने गेशेला चहा ओतून दिला. त्याचा हात स्थिर होता.

"सकाळी कुठे होतात?"

"इथेच. आठपासून बारापर्यंत. फ्राउके नऊ वाजून पाच मिनिटांनी गेली. रोज त्याच वेळी जाते, एकटीच. कॅसेटवर आहे, बघा ना."

बंधाऱ्यावरचा कॅमेरा दिवसभर चिखलाकडे आणि त्यात रोवलेल्या मोजणीच्या खांबांकडे बघत असे. आत कपाटाएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं. ते दर मिनिटाला टेप थोडी मागे घेई, वेग पकडे आणि आधीच्या फ्रेमला चिकटून नेमकी एक नवी फ्रेम उमटवी. आठ तासांचं चित्र वीस सेकंदांत संपायचं. मोमेने कॅसेट लावली. पाणी ओसरलं, एक लाल ठिपका ओढ्यापलीकडे गेला, पाणी चढलं. काळजाचे वीस-पंचवीस ठोके पडेपर्यंत सगळं संपलं.

"आणि हा दुसरा?" गेशेने शेजारच्या साध्या, घरगुती रेकॉर्डरकडे बोट केलं.

"जोडीला म्हणून ठेवलाय. त्याला एकच फ्रेम पकडता येत नाही, पाच-सहा एकदम घेतो. शिवाय रंग फाकतो, लाल तर फारच."

"त्याची आजची कॅसेट?"

"अडकून फाटली. टाकून दिली."

"कालची?"

"आहे की."

"मोठ्या यंत्रावर मधल्याच फ्रेम पुसून नव्या घालता येतात?"

"येतात," मोमे म्हणाला. मग त्याने चहाचा कप खाली ठेवला.

गेशेने टेल्सेला आत बोलावलं. मग यंत्राची गोल चकती बोटाने हळूहळू फिरवत ती एकेक फ्रेम बघू लागली. खोलीत फक्त चकतीची टिकटिक होती. बाहेर पाणी बंधाऱ्याला लागलं होतं. तासाभराने ती वळली.

"भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते," ती म्हणाली. "इथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. या टेपवर नऊ वाजता पाणी एकदम उडी मारून तिसऱ्या खांबाला लागतं. दहाला ते परत मागे सरतं. भर भरतीत. म्हणजे मधल्या साठ फ्रेम आजच्या नाहीत, कालच्या आहेत. आणि त्या साठांतच जाकिटाचा लाल रंग फाकलाय. मोठं यंत्र एकच, त्यामुळे कालचं चित्र तुम्हाला घरगुती रेकॉर्डरवरूनच उतरवावं लागलं. चालत्या टेपवर हे दोन-अडीच सेकंदांत निसटतं. पोलीस एकेक फ्रेम बघत बसणार नाहीत, असं तुम्हाला वाटलं."

मोमेने कप दूर सरकवला.

"त्या तासाभरात खरं तर दोन माणसं ओढ्यापलीकडे गेली आणि एकच परत आला. म्हणून तो तास पुसायचा होता. दहानंतरचं तसंच ठेवलंत, कारण त्यात ती एकटीच आहे."

तिने चकती थोडी पुढे फिरवली. पडद्याच्या अगदी कडेला, ओढ्यापलीकडे, एक बारीक लाल ठिपका होता. पुढच्या फ्रेममध्येही तिथेच. त्याच्या पुढच्याही.

"ही हलत का नाही, मोमे? मचाणाकडे का जात नाही?"



"खांब पडलाय असं सांगून नेलं तिला," मोमे अखेर म्हणाला. "ओढा भरायला लागला तेव्हा म्हणालो, तू इथेच थांब, मी होडी घेऊन येतो."

टेल्से पडद्याजवळ गेली. तिने लेकीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"किती वेळ थांबली?"

गेशेने मोजलं होतं. तिला सांगवेना, पण टेल्से वाट बघत होती.

"अडतीस फ्रेम," ती म्हणाली. "एकोणचाळिसावीत नुसतं पाणी आहे."