उलट्या घड्याळातला तास

उत्तम परबांच्या स्वयंपाकघरात घड्याळ उलटं टांगलेलं होतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. डोंबिवलीत मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांच्याकडे कुणीही गेलं, तर आधी पाणी, मग घड्याळाचं व्याख्यान आणि त्यानंतर चहा. पाहुण्याची सुटका नाही.

"आपण इंग्लंडच्या साडेपाच तास पुढे," ते सुरू करायचे. "आता आपलं घड्याळ उलटं करा. आपोआप तिकडची वेळ दिसते. तासकाटा अर्धं घर मागे रेंगाळतो, तेवढं समजून घ्यायचं. बेरीज नको, वजाबाकी नको."

घड्याळ आकडे नसलेलं, नुसत्या रेघांचं. मुद्दाम शोधून आणलेलं. युक्ती मात्र त्यांची नव्हती, त्यांच्या एकुलत्या एका मुलीची होती. रुचिता नर्स म्हणून लीड्सच्या एका हॉस्पिटलला लागली. एअरपोर्टला जाताना टॅक्सीत तिनं बापाच्या मनगटावरचं घड्याळ काढून उलटं धरलं होतं. "बाबा, नाहीतर तुम्ही रात्रंदिवस बोटं मोजत बसाल." घड्याळ परत मनगटावर बांधताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तमराव खिडकीबाहेर बघत बसले होते, पण त्यांनी ते पाहिलं होतं.

उत्तमरावांनी उभी हयात एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात शिफ्टमध्ये काढलेली. जे मीटरवर दिसत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. बिल्डिंगची जागा मुळात ज्यांची, त्या जाईबाई एकदा उत्तमरावांच्या बायकोकडे, नंदाताईंकडे आल्या आणि ते घड्याळ बघून दारातच थबकल्या.

"उत्तमदादा, दारान उलटी चप्पल दिसली तरी आपुन सरल करतव. आनि तुमी त घड्याल उलटा लावलाय."

"चपलेनं भांडण होतं म्हणतात जाईबाई. घड्याळानं काय होतं?"

"ते मना नाय म्हाईत," जाईबाई म्हणाल्या आणि त्या दिवशी चहा न घेताच गेल्या.

आता इंग्रजांचं सगळंच तिरपागडं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळं तासभर पुढे ढकलतात. रात्री एक वाजला की पुढच्या क्षणी दोन. मधला तास त्या रात्री नसतोच. तोच तास ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत देतात, म्हणजे त्या रात्री एक ते दोन दोनदा होतं. तिथला एक म्हणजे मार्चात आपले सकाळचे साडेसहा. त्या रविवारी बरोबर साडेसहाला उत्तमराव घड्याळ उतरवायचे, मागची चक्री फिरवून तासभर पुढे करायचे आणि मगच चहाला तोंड लावायचे. नंदाताईंच्या भाषेत ही 'यांची संक्रांत'.

यंदा नेमकी टाकी भरून वाहायला लागली. वॉचमनचा पत्ता नाही, आणि सोसायटीचे सेक्रेटरी हेच. पंप बंद करून, दोघांना झापून ते वर आले तेव्हा पावणेसात झाले होते. नंदाताई बाल्कनीतल्या पिंपात पाणी भरत होत्या. ऊन ओट्यापर्यंत आलं होतं आणि खालून इस्त्रीवाल्याच्या रेडिओचा आवाज येत होता. घड्याळ अजून पुढे करायचं होतं. उलट्या काट्यांत सव्वा वाजला होता.

ओट्यावर फोन वाजला. रुचिता.

"बाबा, मी स्टॉपवर आहे. ड्युटी संपवून निघालेले. बस येतच नाहीये."

"इतक्या रात्री एकटी? दोन वाजून गेले ना तिथे."

"नाही बाबा. सव्वा वाजलाय."

"अगं, आज घड्याळं पुढे जातात. सव्वादोन."

 तिचा आवाज अगदी लहान झाला.

"माझ्याबरोबर एक बाई होती. एक वाजला आणि ती दिसेनाशीच झाली. बाकावर तिची पिशवीसुद्धा नाही. रस्त्यावर एक गाडी नाही. सिग्नल कधीपासून लाल आहे. बाबा, मी श्वास सोडते ना, त्याची वाफ तोंडासमोरून हलतच नाही."

उत्तमरावांच्या मानेवर काटा आला.  त्यांनी भिंतीकडे पाहिलं. साऱ्या इंग्लंडनं जो तास टाकून दिला होता, तो आत्ता फक्त या घड्याळात चालू होता. असला विचार दुसऱ्या कुणी बोलून दाखवला असता, तर त्याला त्यांनी वेड्यात काढलं असतं.

"बाबा, कुणीतरी येतंय," ती म्हणाली. "माझ्यासारखाच कोट घातलाय."

"हॉस्पिटलमध्ये परत जा."

"दार उघडत नाही."

त्यांनी फोन खांद्यानं कानाशी दाबला, खुर्चीवर चढले आणि घड्याळ उतरवलं. हात ओले होते. घाबरू नकोस, ते म्हणाले, सगळे जिथे आहेत तिथे तुला पुढे आणतो.

"नको बाबा. हात लावू नका. मला आधी—"

त्यांनी चक्री फिरवली.

फोनमध्ये काही उरलं नाही. खरखरसुद्धा नाही.

त्यांनी परत फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग तिनं उचलला.

"बाबा? मी घरीच आहे. सुट्टी होती आज. झोपलेले."

उत्तमराव खुर्चीवरून उतरून खालीच बसले. बाल्कनीतून आलेल्या नंदाताईंनी त्यांना तसं फरशीवर बघितलं आणि घाबरून पंखा लावला. "पंपाची दगदग, दुसरं काय," त्या म्हणाल्या. फोनमध्ये पहिल्या कॉलची नोंद नव्हती. जीव भांड्यात पडला. त्यांनी पोहे मागून घेतले आणि दोनदा खाल्ले.

दुपारी रुचितानं व्हिडिओ कॉल केला. छान हसत होती. आईला ओढणी दाखवली, दाढी वाढली म्हणून बापाला रागावली. मग त्यांच्या खांद्यावरून मागे बघून म्हणाली, "बाबा, ते घड्याळ असं उलटं का लावलंय?"

नंदाताई खळखळून हसल्या. "बघा, कशी फिरकी घेते."

रुचिता हसली नाही. ती उत्तराची वाट बघत होती.

त्यानंतर ती नेमानं फोन करायची, पूर्वीपेक्षा जास्तच. तिथल्या मध्यरात्रीही. झोप लागत नाही म्हणायची. नंदाताई खूश होत्या, लेक मायेनं जवळ आली म्हणून. उत्तमराव जेवढ्यास तेवढं बोलायचे. एकदा त्यांनी टॅक्सीची आठवण काढली. "कुठली टॅक्सी?" तिनं विचारलं, आणि लगेच, "हो हो, आठवली." त्या रात्री ते उशीत तोंड खुपसून रडले. नंदाताईंना काय सांगायचं? लेक रोज समोर दिसतेय आणि बाप म्हणतो हरवली.

ते ऑक्टोबरची वाट बघत राहिले. टाकलेला तास परत मिळतो, एवढं एकच गणित त्यांच्या हातात होतं.

दिवाळी होऊन गेली होती, पण बाल्कनीत कंदील अजून होता. रविवारी सकाळी साडेसहाला त्यांनी घड्याळ उतरवलं, तासभर मागे केलं आणि परत उलटं टांगलं. हॉलमध्ये नंदाताई व्हिडिओवर रुचिताला उरलेले शंकरपाळे दाखवत होत्या. दोघी हसत होत्या.

काटे सव्वावर आले. ओट्यावर फोन वाजला.

"बाबा."

त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"बाबा, मध्येच आवाज का गेला तुमचा? मी कधीची हॅलो हॅलो करतेय." तिचे दात वाजत होते. "सव्वाच वाजलाय अजून. पण बाबा, सिग्नल आत्ता हिरवा झाला."

"बाळा, टॅक्सीत तू काय दाखवलं होतंस मला?"

"आत्ता हे काय? घड्याळ उलटं धरायला. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात." ती दमली होती. "बसचे दिवे दिसतायत. लांब आहे. फोन ठेवू नका."

"नाही ठेवत. मी इथेच आहे."

"बाबा, आई कुणाशी बोलतेय?"

हॉलमधलं हसणं थांबलं होतं. स्पीकरवरून तोच आवाज आला, स्वच्छ, न थरथरता.

"आई, बाबा किचनमध्ये कुणाशी बोलतायत?"

"कुणास ठाऊक. का गं?"

"काही नाही. ते घड्याळ मागे राहिलंय त्यांचं. जरा पुढे करतेस?"

खुर्ची सरकली. नंदाताईंच्या बांगड्या वाजल्या. पदराला हात पुसत त्या आत आल्या आणि नेहमीच्या मायेनं म्हणाल्या,

"सरका बघू जरा. लेक सांगतेय."