वाऱ्याच्या उलट आलेला धूर

संध्याकाळी वारा डोंगरावरून दरीत उतरतो. मग दरीतल्या राबांचा धूर वर वेधशाळेत येतो कसा? (राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी बी पेरण्याआधी पालापाचोळा पसरून भाजलेली जमीन.)

अकरा वर्षांच्या उल्काला हे कोडं सुटत नव्हतं. वेधशाळा हेच तिचं घर. बाबा गेल्यापासून दिवसभर तिथे ती आणि कणाद नावाचा यंत्रमानव, दोघंच असत. आई शहरातल्या कामावरून अंधार पडल्यावर परतायची.

वेधशाळेच्या नळीतून ओढलेल्या हवेतले एरोसोल (हवेत तरंगणारे सूक्ष्म कण) गाळणकागदावर अडकत. रोज संध्याकाळी कागद तपकिरी व्हायचा. त्यावरून निघालेले धुराचे आकडे पाहून उद्याची ग्रामसभा राब भाजण्यावर बंदी घालणार होती. वाडीतला भिवाकाका त्यासाठीच डोंगर चढून आला होता. राब भाजला नाही तर तण रोपांना गिळेल, एवढंच त्याने सांगितलं. जाताना मात्र म्हणाला, "तुझा बाप आधी वारा बघायचा, मग यंत्र. ह्या डब्याला तेवढं शिकव, पोरी."

डब्याने ते मनावर घेतलं नाही. त्याने कागद तपासला. झाडपाला किंवा लाकूड जळलं की त्यातल्या सेल्युलोजपासून (वनस्पतींच्या पेशींच्या भिंती ज्याच्या बनतात तो पदार्थ) लेव्होग्लुकोसान नावाची साखर तयार होते. डिझेलच्या धुरात ती नसते. कागदावर ती भरपूर होती. उल्काचा चेहरा उतरला.

"काय जळलं, ते नुसती साखर सांगत नाही," कणाद म्हणाला. "इथे राळही आहे. भिवाकाका राबात राळ घालतो?"

राबात राळ कोण घालील? उल्काने मान वळवली. खिडकीत बाबांचा फोटो होता. त्यापुढे ती रोज दिवेलागणीला धूप (राळ आणि लाकडाचा भुसा) लावायची आणि तो विझेपर्यंत बसून राहायची. तेवढा वेळ घरात कोणीतरी असल्यासारखं वाटे. नळीचं तोंड खिडकीबाहेर हातभर अंतरावर होतं.

त्या संध्याकाळी तिने धूप लावला नाही. कागद पांढरा राहिला, आणि घर फार मोठं वाटलं.

ग्रामसभेत तिने चूक स्वतःच सांगितली. बंदी थांबली, राबाचा धूर आता खाली वाडीतच मोजायचा ठरला. नळी कुठे लावायची ते भिवाकाकाने वारा बघून दाखवलं.

संध्याकाळी कणादबरोबर परतताना तिने वेधशाळेपासून दूर, कड्यावर धूप लावला.

"हे कण कुठवर जातील?"

"काही दिवस तरंगतील," कणाद म्हणाला. "मग एखाद्याभोवती वाफ जमेल. ढगातला थेंब अशाच कणावर धरतो."

उल्का धूप विझेपर्यंत बसली नाही. दरीकडे निघालेल्या धुरामागे तिने थोडा वेळ पाहिलं, आणि आईसाठी भात टाकायला घरी निघाली.